बटणाने बंद: होय

मी फिलेमोनीच्या घरचा लॅपटॉप बोलतोय. जुना आहे. पडद्यावर उभी रेघ आहे, दोन अक्षरांची बटणं गळून पडली आहेत, बॅटरी मेलेली आहे, त्यामुळे वायर काढली की मी जागच्या जागी विझतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी बोट दाखवायला नको. पण खोटं मी कधी बोललो नाही. माझ्यावर जो आळ आला तो मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे आठवावं असं काही नव्हतं. पहिली सहा वर्षं ऑकलंडमधल्या एका कचेरीत गेली. तिथला माणूस माझ्यावर ओणवा होऊन पाव खायचा, तेलकट बोटांनी काम करायचा आणि काम चुकलं की मला थापट मारायचा. चूक त्याची असायची. एक दिवस तो म्हणाला, हा हळू झालाय. मला इतर चौघांबरोबर खोक्यात टाकलं आणि खोकं जिन्याखाली ठेवलं.

त्या कचेरीत संध्याकाळी झाडलोट करायला लुसिया यायची. सामोआची मुलगी. तिने साहेबाला विचारून मला घरी नेलं. तिच्या शेजारी एक निवृत्त बस ड्रायव्हर होता, त्याला असल्या यंत्रांचा नाद. त्याने माझं आधीचं सगळं पुसून टाकलं आणि माझ्यात लिनक्स घातलं.

लिनक्सची एक गोष्ट मला पटली. ते काही सजवून सांगत नाही. काय बिघडलं ते साध्या ओळीत लिहून दाखवतं आणि गप्प बसतं. वाचणाऱ्याने वाचावं. माझा स्वभावही आधीपासून तसाच, म्हणून आमचं जमलं.

मग लुसियाने मला जुन्या कपड्यांत गुंडाळून खारवलेल्या मांसाच्या डब्यांमध्ये ठेवलं आणि मी जहाजाने, मग फेरीबोटीने सामोआतल्या सावाईई बेटावर आलो. खोक्यातून मला बाहेर काढलं फुआतिनोने. ही लुसियाची काकू, फिलेमोनीची बायको. तिने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "याला वास येतोय मांसाचा. आपल्यातलाच आहे."

आमच्या घराला भिंती नाहीत. गोल छप्पर आणि चहूबाजूंनी खांब, वारा आरपार. प्रत्येक खांब कोणाचा ते ठरलेलं असतं. घरातल्या मोठ्या माणसाने आपल्या खांबाला पाठ टेकून बसायचं, दुसऱ्याने तिथे टेकायचं नाही. समोरचा मधला खांब आसोमुआचा. तो सगळ्यात थोरला भाऊ, घराण्याचा मताई, म्हणजे घराण्याचं नाव धारण करणारा. त्याचा शब्द शेवटचा. त्याची मूत्रपिंडं बिघडली म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याला ऑकलंडला लेकीकडे, लुसियाकडे, जावं लागलं. खांब रिकामा राहिला. म्हणून मला त्या खांबापुढे एका पेटीवर ठेवलं. शाळेच्या छपरावर उपग्रहाची तबकडी बसवली होती, तिथून वायफाय निघायचं. भिंती नसल्यामुळे ते थेट आमच्या घरात यायचं. रविवारी जेवणानंतर माझ्या पडद्यावर आसोमुआ दिसायचा. आपल्या खांबापाशी. सगळे त्याला नमस्कार करायचे आणि मला पाठ न दाखवता उठायचे.

असा मान मला कचेरीत मिळाला नव्हता. मी तो मागितलाही नव्हता.

आता फिलेमोनी. आसोमुआच्या पाठचा. कमी बोलणारा, ताठ. तरुणपणी पाच वर्षं ऑकलंडच्या बंदरावर गोदामात होता. शाळा जेमतेम, पण पेट्यांवरची अक्षरं वाचायला तिथे शिकला. एक अक्षर चुकलं की पेटी दुसऱ्याच जहाजात जायची. तेव्हापासून तो काहीही वाचताना बोट ठेवून वाचतो, एकेक अक्षर, पहिल्या शब्दापासून शेवटच्या टिंबापर्यंत. बायबलही तसंच, औषधाची बाटलीही तशीच. पोरं हसतात. तो हसणाऱ्याकडे नुसतं पाहतो.

गावात सा पाळली जाते. सूर्य कलला की शंख वाजतो. मग पंधरावीस मिनिटं सगळं गाव आपापल्या घरात, प्रार्थनेला. रस्त्यावर चालायचं नाही, रेडिओ लावायचा नाही, कुऱ्हाडीचा आवाज नको. दुसरा शंख वाजला की सुटका. सा चालू असताना रस्त्यावर गावचे तरुण एका ओळीत उभे राहतात, आणि त्या ओळीच्या टोकाला काठी घेऊन फिलेमोनी. दंड करताना त्याने नातं पाहिलं नाही. धाकट्या भावाचा, मातायोचा, रेडिओ एकदा दोन मिनिटं जास्त वाजला. फिलेमोनीने पंचायतीत त्याचं नाव सांगितलं. मातायोचं एक डुक्कर गेलं. मातायो गरीब स्वभावाचा, तारोची, म्हणजे अळूच्या कंदांची, शेती करणारा माणूस. तो काही बोलला नाही. त्याची बायको वर्षभर बोलत होती.

इकडे घरात सा चालू झाली की फुआतिनो एक काम करायची. माझ्या पुढच्या कडेला एक छोटं सरकतं बटण आहे. शेजारी निळा दिवा. लुसियाने पडद्यावरून तिला समजावून ठेवलं होतं, "काकू, हे इकडे केलं की याचं बाहेरचं बोलणं बंद." फुआतिनोला ते पटलं. सा चालू असताना घरातलं कोणीही बाहेरच्याशी बोलत नाही, मग यानेच का बोलावं? शंख वाजला की ती बटण सरकवायची, दिवा विझायचा. दुसऱ्या शंखानंतर परत सरकवायची. दोन वर्षांत एकही दिवस चुकली नाही. तिने माझ्या पोटाला आणि कडांना लाल फुलांच्या कापडाचं घट्ट पांघरूण शिवलं होतं, अक्षरं आणि पडदा मोकळे, खालून शिवून बंद, पुढच्या कडेला बोटं जातील एवढं इलास्टिक. कोंबड्या आणि वाळू आत जाऊ नये म्हणून. बटण त्या पांघरुणाखाली. दिव्यापुरतं तिने एक भोक ठेवलं होतं.

फिलेमोनीला यातलं काहीच माहीत नव्हतं. सा चालू असताना तो रस्त्यावर असायचा, आणि घरातले बाकीचे डोळे मिटून प्रार्थनेला.

ज्या बुधवारी हे सगळं सुरू झालं, त्या संध्याकाळी फुआतिनोने नेहमीप्रमाणे मला गप्प केलं. प्रार्थना झाली. दुसरा शंख वाजतोय तोच पाद्रीबुवा स्वतः आले, हातात फोन. लुसियाचा निरोप होता. आसोमुआचं आता दिवसांवर आलंय. डॉक्टर रविवारच्या पुढचं बोलत नाहीत. तो संध्याकाळी तासभर शुद्धीवर असतो. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी पडद्यासमोर बसावं, त्याला जाण्याआधीचा शब्द द्यायचा आहे.

जाणाऱ्या मताईचा शब्द म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. त्याच्या मागे घराण्याचं नाव कोणी घ्यायचं, हे तो आपल्या तोंडाने सांगतो. सांगितलं तर घर एक राहतं. न सांगता गेला तर भावाभावांत दावे लागतात आणि नातवंडांपर्यंत चालतात. पाद्रीबुवा म्हणाले, माझ्या फोनवर ऐका. फिलेमोनी म्हणाला, "फोनवरचा आवाज कोणाचाही असू शकतो, असं उद्या कोणी म्हणेल. तोंड दिसलं पाहिजे. आणि त्याच्या खांबापाशी दिसलं पाहिजे."

घरात रडारड झाली. त्या गोंधळात फुआतिनो बटण सरकवायचं विसरली. पहाटेच्या पहिल्या बसने ती बेटाच्या पलीकडच्या टोकाला, माहेरी गेली. तिच्या आईने विणलेली बारीक विणीची चटई तिथे होती. मताईच्या शेवटच्या निरोपाला तीच हवी होती. शनिवारी येते म्हणाली.

गुरुवारी सकाळी फिलेमोनीने मला सुरू केलं. दिवा लागला नाही. वायफाय नाही.

त्याने शाळेतल्या नीवेबाईंना बोलावलं. त्या येऊन बसल्या, बघून म्हणाल्या, "शाळेतून तर व्यवस्थित येतंय. पोरं सकाळपासून गाणी ऐकतायत." शाळेत तीन मोठी यंत्रं होती, पण कॅमेरा एकालाही नाही. त्या काळी गावातले फोनही बटणांचे, बोलण्यापुरते. कॅमेरा फक्त माझ्याकडे. नीवेबाईंनी मला बंद करून चालू केलं. नंतर पुन्हा बंद करून चालू केलं.

"बाई, हेच मीही केलं," फिलेमोनी म्हणाला.

"तुम्ही किती वेळा केलंत?"

"चार."

"मग मी पाचव्यांदा आणि सहाव्यांदा केलं. आता आलापातीला बोलवा."

आलापाती म्हणजे मातायोचा मुलगा. आपियात, म्हणजे पलीकडच्या बेटावरच्या राजधानीत, एका दुकानात फोन दुरुस्त करायचा. शुक्रवारी सकाळच्या फेरीबोटीने आला, चष्मा पुसत माझ्यासमोर मांडी घालून बसला. मी त्याला मनापासून मदत करायला तयार होतो. काळी खिडकी उघडून त्याने भराभर हुकूम लिहायला सुरुवात केली. मी प्रत्येकाचं उत्तर दिलं. वायफायचं कार्ड दिसतंय का? दिसतंय. ते चालवणारा प्रोग्राम, त्याचा ड्रायव्हर, बसलाय का? बसलाय. आसपास कोणतं वायफाय आहे? सांगता येत नाही, कार्ड तयार नाही. मग त्याने विचारलं, कुठे अडवलंय का? मी दोन ओळी लिहिल्या, यंत्रांच्या इंग्रजीत; अर्थ एवढाच.

आज्ञेने बंद: नाही.
बटणाने बंद: होय.

याहून स्पष्ट मला लिहिता येत नाही. दुसऱ्या कोणालाही येणार नाही.

आलापातीने पहिली ओळ पाहिली. नाही म्हणजे ठीक, असं पुटपुटला आणि पुढचा हुकूम लिहिला. माझ्या ओळी वर सरकून गेल्या. त्याची बोटं फार वेगाने चालतात. शिकलेल्या माणसांचं हेच मी पाहिलं आहे. ते वाचत नाहीत. त्यांना वाटतं आपल्याला उत्तर आधीच माहीत आहे, आणि ते समोरच्याकडून फक्त होकार मागतात.

दुपारपर्यंत त्याने माझा ड्रायव्हर तीनदा काढला, तीनदा घातला. शाळेत जाऊन काहीतरी उतरवून पेनड्राइव्हवर आणलं आणि माझ्यात ओतलं. माझी घडी विस्कटली ती तेव्हा. तरी मी चालत राहिलो. तो मधून मधून पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. मी पुन्हा त्याच दोन ओळी लिहायचो. मी मोजलं, अकरा वेळा. अकरा वेळा खरं सांगितलं, अकरा वेळा ते वर ढकललं गेलं.

शेवटी तो म्हणाला, "काका, कार्ड जळलंय. दिवासुद्धा लागत नाही बघा. समुद्राच्या हवेने आतून खाल्लंय."

"परवापर्यंत चांगलं होतं."

"मेलेला माणूसही आदल्या दिवशी चांगलाच असतो."

"तोंड सांभाळ. त्याच्या खांबापुढे बसलायस."

आलापाती खांबापासून जरा मागे सरकला. मग म्हणाला, "एक उपाय आहे. हे पांघरूण कापतो, पोट उघडून कार्ड बघतो. नाहीतर सगळं पुसून दुसरं काहीतरी घालतो. हे लिनक्स असलंच आहे, याचं काही कळत नाही."

माझं काही कळत नाही, हे अकरा वेळा उत्तर न वाचणारा सांगत होता. मी काळ्या खिडकीत पांढरी रेघ लुकलुकवत बसलो.

"कापायचं नाही," फिलेमोनी म्हणाला. "फुआतिनोने शिवलंय. ती आल्यावर तिला विचार."

"काकू येईतोवर वेळ निघून जाईल."

तेव्हा फिलेमोनीने त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही. तो हळू म्हणाला, "आलापाती, तुझ्या बापाला हे चालू व्हायला हवंय की नकोय?"

घरात सात-आठ माणसं होती. सगळी जमिनीकडे बघायला लागली. दोन वर्षं आसोमुआच्या मागे घर फिलेमोनीने सांभाळलं होतं. शब्द त्याच्या बाजूनेच येणार, असं गावात धरून चाललेलं. शब्द आलाच नाही तर मातायोच्या घरालाही दावा लावता आला असता. म्हणजे आलापाती मला मुद्दाम मारतोय, असं त्याच्या तोंडावर म्हणणं झालं हे.

आलापातीने चष्मा काढला. "मी बोटीने आलोय काका. मालकाकडे हातापाया पडून रजा काढलीय."

"रजेचं नाही विचारलं."

मातायो एका कडेच्या खांबापाशी बसला होता. तो उठला, पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू तुझं काम कर. तोंडाने उत्तर देऊ नकोस." आणि तारो काढायला निघून गेला. आलापाती रात्री वडिलांच्या घरी झोपला, पण शनिवारी सकाळी परत आला. हे मी त्याच्या बाजूने नोंदवतो. मी कडक आहे, पण ज्याचं त्याला देतो.

शनिवारी त्याला सुचत काही नव्हतं. तो तेच हुकूम पुन्हा पुन्हा मारत होता. ऊन उतरायला लागलं. माणसं अंघोळी करून, स्वच्छ कपडे घालून येऊन बसायला लागली. पाद्रीबुवांच्या फोनवर लुसिया दर थोड्या वेळाने विचारत होती, झालं का? तिचा बाप शुद्धीवर आला होता. मधूनच तिचं रडणं ऐकू यायचं. त्या रडण्यात तिला बटणाबद्दल काही आठवावं, हे होणारं नव्हतं.

आलापातीने हात टेकले. "काका, मी पुसून टाकतो. तासात दुसरं बसतंय का बघतो."

"सरक," फिलेमोनी म्हणाला.

"काय?"

"सरक म्हटलं. मला बघू दे."

"काका, तुम्हाला यातलं..."

"मला यातलं काही येत नाही. वाचता येतं."

तो माझ्यासमोर बसला. शर्टाच्या खिशातून चष्मा काढला, त्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. उजव्या हाताचं बोट माझ्या पडद्यावर ठेवलं, अगदी वरच्या कोपऱ्यात. आणि पेट्यांवरची अक्षरं वाचावी तसा वाचायला लागला. मोठ्याने, एकेक. ज्याचा अर्थ कळत नव्हता तेही. आकडे, कंस, टिंबं, काही सोडलं नाही. मागे कोणीतरी तोंड दाबून हसलं. नीवेबाईंनी त्याला चिमटा काढला.

ओळीमागून ओळ बोट खाली येत होतं. माझ्या आयुष्यात मला असं कोणी वाचलं नव्हतं.

बोट थांबलं.

"बंद," तो म्हणाला. "होय."

"ते काही नाही काका, पुढे..."

"पुढे नंतर. हा म्हणतोय बंद आहे. होय म्हणतोय. वरच्या ओळीत नाही म्हणालाय, या ओळीत होय. हा पहिला शब्द काय आहे, तो मला कळत नाही. तू सांग."

आलापाती वाकला. वाचलं. परत वाचलं.

"बटणाने," तो म्हणाला. "बटणाने बंद आहे म्हणतोय."

"म्हणजे जळलेला नाही."

"नाही."

"म्हणजे कोणाच्या तरी हाताने बंद झालाय."

"हो."

फिलेमोनीने चष्मा काढला आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. ती नजर मातायोच्या घरच्यांवर आल्यावर जरा जास्त थांबली. "कोणाच्या?"

तेवढ्यात रस्त्यावर बस थांबली. डोक्यावर गुंडाळलेली चटई, घामाने भिजलेली फुआतिनो खांबांमधून आत आली.

"बसचं चाक बसलं वाटेत," ती म्हणाली. "बोलणं सुरू झालं नाही ना? आणि हे काय, सगळे असे मढ्यासारखे का बसलेत?"

"याला कोणीतरी हाताने बंद केलंय," फिलेमोनी म्हणाला. "बुधवारपासून. विचारतोय, कोणी."

"मी," फुआतिनो म्हणाली.

"काय?"

"मीच करते रोज. सा नसते का? तुम्ही सगळ्या गावाचं तोंड बंद करता, मग घरातलं हे एक उघडं ठेवू?" ती बोलता बोलता थांबली. तिचा हात तोंडाकडे गेला. "अगंबाई. बुधवारी परत उघडलंच नाही मी."

तिने चटई नीवेबाईंच्या हातात दिली, माझ्याकडे आली, पांघरुणाच्या इलास्टिकमध्ये दोन बोटं घातली आणि बटण सरकवलं.

निळा दिवा लागला.

मी लगेच शाळेचं वायफाय पकडलं. एक क्षणही घेतला नाही. जळलेलं कार्ड म्हणे.

आलापातीने लुसियाला जोडलं. पडद्यावर पांढरी उशी आली आणि उशीवर आसोमुआ. फार बारीक झाला होता. डोळे तेच. कोणीतरी हुंदका दिला.

आणि शंख वाजला.

माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येकाने फिलेमोनीकडे पाहिलं. सा लागली होती. बाहेरच्याशी बोलणं बंद. त्याची काठी खांबाला टेकवलेली होती आणि रस्त्यावर पोरं ओळीत उभी राहायला लागली होती. फुआतिनोचा हात सवयीने माझ्या कडेकडे आला. बटणावर बोट टेकलं.

आसोमुआने शंख ऐकला होता. माझ्यातून. ऑकलंडच्या इस्पितळात त्याने मान जरा उचलली. "तो आपल्या गावचा शंख ना?" त्याने विचारलं.

"हो," फिलेमोनी म्हणाला. मग बायकोला म्हणाला, "राहू दे."

"सा आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. राहू दे."

बाहेरून पोरांचा पुढारी आला, खांबांच्या बाहेरच थांबला. कोवळा नव्हता, लग्न झालेला माणूस, पण फिलेमोनीसमोर त्याचा आवाज बसला. "काका, पडद्यावर बोलणं चालू आहे. सा लागलीय."

"दिसतंय मला. नाव लिहून घे."

"कोणाचं?"

"माझं. स्पेलिंग नीट लिही. आणि आज ओळ तू सांभाळ."

तो गेला. फिलेमोनी दोन वर्षांत पहिल्यांदा सा चालू असताना घरात बसला. प्रार्थना आसोमुआने सुरू केली. पहिला चरण त्याच्याकडून आला, इकडच्यांनी उचलला. आवाज थोडा मागेपुढे होत होता, तेवढी वाट आहे मधली. मी एकही शब्द सांडला नाही. पडद्यावर उभी रेघ होती, ती त्याच्या गालावरून जात होती, पण तिचं कोणाला काही वाटलं नाही.

प्रार्थना संपली. आसोमुआ म्हणाला, "फिलेमोनी. तू आज आत कसा?"

"बसलोय."

"रस्त्यावर कोण आहे?"

"पोरं आहेत."

"बरं." तो दम घेत होता. "दोन वर्षं तू गाव ताठ ठेवलंस. तुझ्या काठीमुळे गाव सरळ चालतं. ती काठी सोडू नकोस. पण घराला बसणारा माणूस लागतो. संध्याकाळी आत असणारा. म्हणून मी नाव मातायोला देतो. सगळ्यांनी ऐकलं का?"

मातायो खांबात शिरल्यासारखा झाला होता. मी फिलेमोनीकडे पाहत होतो, माझा डोळा त्याच्याच बाजूला होता. तो म्हणू शकला असता, आवाज नीट आला नाही. म्हणू शकला असता, यंत्र बिघडलेलं आहे, तीन दिवस बिघडलेलंच होतं, सगळ्यांनी पाहिलंय. एवढं म्हटलं असतं तर पुढे कितीतरी वर्षं दावा चालला असता. माझ्यावर ढकलणं किती सोपं असतं, ते मी कचेरीपासून जाणतो.

"ऐकलं," फिलेमोनी म्हणाला. "स्पष्ट ऐकलं. यंत्र चांगलं चालतंय."

दुसरा शंख वाजला.

आसोमुआ सोमवारी पहाटे गेला. चटई फेरीबोटीने, मग विमानाने त्याच्याकडे गेली.

शब्द झाला त्याच शनिवारी, पडदा बंद झाल्यावर, फुआतिनोने जेवण मांडलं. भाजलेला नीरफणस, तारोच्या पानांत नारळाचं दूध, मासा. आमच्याकडे मोठे आधी जेवतात. तरुणांनी समोर बसून पंख्याने माश्या वारायच्या आणि मोठे उठले की उरलेलं खायचं. फिलेमोनीने आपलं ताट उचललं, आलापातीसमोर ठेवलं आणि पंखा स्वतः हातात घेऊन त्याच्यासमोर बसला.

"काका, नको," आलापाती म्हणाला.

"जेव."

"काका, मी..."

"माशी बसतेय. जेव."

म्हाताऱ्याने त्याला शेवटच्या घासापर्यंत वारा घातला. माफ कर असं तो म्हणाला नाही. म्हणायचं काही राहिलंही नव्हतं. आलापातीने ताट संपवलं. ते त्याने नीट केलं.

पुढच्या पंचायतीत सा मोडल्याचा विषय निघाला. नवा मताई म्हणून आपल्या घराचा दंड मातायोनेच सांगायचा होता. तो मान खाली घालून म्हणाला, "मागे माझं एक डुक्कर गेलं होतं. तेवढंच असावं." मागच्या ओळीत त्याची बायको पहिल्यांदा मोकळी हसली. फिलेमोनीने दोन डुकरं बांधून आणली. कोणी विचारलं, दोन का? तो म्हणाला, "एक माझं, एक यंत्राचं. तेही बोलत होतं."

दंड भरणारा लॅपटॉप या बेटावर मी एकटाच आहे. मला त्याची लाज नाही.

अंत्यविधीनंतर लुसिया आली, नवा लॅपटॉप घेऊन. पातळ, चकचकीत. फुआतिनोने त्याच्या चारी कडा चाचपल्या. "याला बटण कुठे?"

"बटण नाही काकू. पडद्यावरून बंद करायचं."

"मग मला कसं कळणार की तो खरंच गप्प बसलाय?"

नवा शाळेत गेला. नीवेबाईंकडे. तिथे पोरं त्याच्यावर गाणी ऐकतात. मी इथे आहे, मधल्या खांबापुढे. आता तिथे मातायो बसतो, माझ्यामागे. आलापाती आपियाहून आला की माझ्यातला तो ओतलेला कचरा थोडा थोडा काढतो. आता तो माझं प्रत्येक उत्तर शेवटपर्यंत वाचतो, बोट ठेवून. काका बघत असले की जरा मोठ्याने वाचतो.

फिलेमोनी पुन्हा रस्त्यावर उभा राहतो. शंख वाजला की फुआतिनो बटण सरकवते. मला बंद व्हायचा राग नाही. मान राखून बंद करावं आणि लक्षात ठेवून उघडावं, एवढंच माझं म्हणणं. दुसरा शंख वाजला की रस्त्यावरून त्याचा आवाज येतो.

"उघडलंस का?"

"उघडलं," ती म्हणते.

मगच तो घराकडे वळतो.

मी अजून किती दिवस चालेन ते मला माहीत नाही. वायर जुनी झालीय, पंखा घरघरतो. टाकायला नेणारा कधीतरी येईलच. त्याला माझं एवढंच सांगणं आहे. माझ्यापुढे बस. मी काय लिहिलंय ते पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाच. त्यानंतरही मी बिघडलेला आहे असं वाटलं, तर खुशाल ने. मी अडवणार नाही.

पण आधी वाच.